मलप्रभेकाठची मोटर आणि चिपमधला रेडिओ

खानापूर तालुक्यात आमच्या बाजूला शेतीच्या मोटरला थ्री फेज पाळीनं मिळते. रात्रीची पाळी असली की ती नेमकी कधी येईल ते सांगता येत नाही. घरात दिवा जळतोय म्हणजे थ्री फेज आलीच असंही नसतं. एरवी लाईनीत सिंगल फेज सोडलेली असते, तिच्यावर दिवे लागतात, मोटर फिरत नाही. मग कुणीतरी बॅटरी घेऊन मलप्रभेच्या काठापर्यंत जायचं, पॅनेल बघायचं आणि करंट नसला तर परत यायचं. आमच्या घरापासून जॅकवेल, म्हणजे नदीकाठची मोटरची विहीर, सुमारे दीड किलोमीटर. मधे ऊस, एक ओढा आणि माळाचा उंचवटा. जांबोटीकडचं रान जवळ, त्यामुळे उसात गवा निघाला तर कुणाला नवल वाटत नाही. हे काम आबा करायचे, आणि वय झालं तरी दुसऱ्याला पाठवायला तयार नव्हते.

सिम घालून फोनवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, पण नदीच्या खोलगटात रेंजच नाही. थ्री फेज येताक्षणी मोटर आपोआप चालू होईल असा ऑटो स्विच बसवायचं मी सुचवलं, तर आबांनी ते तिथल्या तिथं उडवलं. "पाणी कुठल्या सरीत चाललंय बघाय कोण नको काय गा? फूटव्हॉल्व्हनं पाणी सोडलं असंल तर मोटर कोरडीच फिरंल की." बोलणं बरोबर होतं. तेव्हा मोटरला हात लावायचा नाही, फक्त बातमी घरी आणायची, एवढंच काम ठरवलं.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पॅनेल, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच), सेन्सर यांच्याशी रोजचा संबंध, आणि घरी छंद म्हणून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या चिपा. पूर्वी वायरलेस म्हटलं की कंट्रोलर वेगळा आणि रेडिओची पाटी, म्हणजे बोर्ड, वेगळी असायची. अर्डुइनो या छंदवाल्यांच्या कंट्रोलरला एनआरएफ२४ या रेडिओची छोटी पाटी जोडायची, मग ती बोलत का नाही याचा शोध घेत बसायचं. २०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप छोट्या ईएसपी-०१ पाटीवर बाजारात आली आणि चित्र पालटलं. लोक आधी तिला अर्डुइनोला जोडायचं वायफाय म्हणूनच घेत होते. नंतर कळलं की या चिपमध्ये ८० मेगाहर्ट्झवर धावणारा ३२ बिटचा प्रोसेसर आहे. म्हणजे जिला शेपूट समजत होते ती १६ मेगाहर्ट्झच्या ८ बिट अर्डुइनोपेक्षा कितीतरी ताकदवान होती. २०१६ मध्ये ईएसपी३२ आली: दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आत. शे-पाचशे रुपयांत हे सगळं हातात येतं.

रेडिओ चिपच्या आत गेला की रेडिओची कटकट संपली असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. रेडिओचं सर्किट जुळवायचं काम तेवढं संपतं. विजेचा पुरवठा, अँटेना, जागा आणि डबा ही सगळी रेडिओचीच कामं असतात आणि ती आपल्याच गळ्यात राहतात. कोणी ती आठवण करून देत नाही, कारण पाटीवर रेडिओ असा कुठं दिसतच नाही.

पुरवठ्यापासून सांगतो, कारण छंदवाल्यांचा सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो. ईएसपी८२६६ वायफायवर पाठवत असताना सुमारे १७० मिलीअँपिअर ओढते. प्रोग्रॅम भरायला आपण जो यूएसबी-सिरियल अडॅप्टर वापरतो, त्यातल्या एफटी२३२ चिपची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलीअँपिअरपुरतीच असते. दिवा लुकलुकवायचा प्रोग्रॅम तिच्यावर मजेत चालतो. वायफाय चालू करायची ओळ लिहिली की पाटी पुन्हा पुन्हा रीसेट होते आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. ईएसपी३२ तर पाठवताना २४० मिलीअँपिअरपर्यंत जाते, म्हणून तिला ५०० मिलीअँपिअर देऊ शकणारा पुरवठा हवा असं कंपनीच सांगते. सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, संदेश येतो तो याच कारणानं. मोठी मोटर सुरू होताना घरातला बल्ब क्षणभर मंद होतो, तसंच इथं होतं, फक्त ते काही मायक्रोसेकंदांत घडतं आणि मल्टीमीटरला पत्ता लागत नाही. मल्टीमीटर निवांत ३.३ दाखवत राहतो. उपाय साधा आहे: पाटीच्या अगदी जवळ, पायांना चिकटून, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या जोडीला ०.१ चा सिरॅमिक. आणि यूएसबीची वायर जाड घ्यायची. फोन चार्ज करून करून मुरलेली बारीक वायर थोडं व्होल्टेज वाटेतच खाते.

नदीच्या कामाआधी मी घरच्या टाकीवर सराव केला. तिथं आणखी एक गंमत कळली. पाण्याच्या पातळीचा सेन्सर ज्या पिनला लावला होता तिच्यावरचा आकडा वायफाय चालू नसताना नीट यायचा, वायफाय जोडलं की गायब. ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग वाचणारे दोन भाग आहेत आणि दुसरा, म्हणजे एडीसी२, वायफाय स्वतःच्या कामासाठी वापरतं. त्यामुळे रेडिओ चालू असेल तर ३२ ते ३९ या पिनांवरच्या एडीसी१ वरच भरवसा ठेवायचा. तसंच १२ नंबरची पिन. चालू होताना ती वर ओढलेली असली तर चिप प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायला बघते आणि पाटी उठतच नाही. असल्या पिनांचा तक्ता मी छापून भिंतीला चिकटवलाय. आई म्हणते, देवाच्या फोटोशेजारी हेच कमी होतं.

टाकीचं काम घरच्या राऊटरवर भागलं. नदीवर राऊटर कुठला? एस्प्रेसिफनं ईएसपी-नाऊ नावाची सोय दिली आहे. तीत राऊटर लागत नाही. एक पाटी दुसरीच्या मॅक पत्त्यावर (चिपच्या स्वतःच्या नंबरावर) सरळ निरोप पाठवते, मूळ आवृत्तीत एका वेळी २५० बाइटपर्यंत. आम्हाला पाचदहा बाइट पुरे होते. गल्लीत, अंगणात, शाळेच्या मैदानावर ते सुरेख चाललं. मोकळ्या मैदानात शेदोनशे मीटर सहज जातं. उसात शिरलं की मात्र संपलं. वायफाय चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, तिथं लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. उसाची ओली पानं, ताटं, सगळं पाण्यानं भरलेलं, ते या लहरी पिऊन टाकतं. वर पाटीवर छापलेली ती नागमोडी अँटेना. तिच्याभोवती किमान १५ मिलिमीटर तरी तांबं, धातू, वायर असं काही नको. आमचं पॅनेल पत्र्याचं. पाटी पॅनेलच्या आत ठेवली आणि दार लावलं की दहा पावलांवरही निरोप येईना.

बाहेरची अँटेना लावायचा सॉकेट असलेली पाटी मिळते, कंपनीचा लाँग रेंज मोडही आहे. दोन्ही वापरून बघितलं. माळाच्या चढापर्यंत पोचलं, उंचवट्याच्या पलीकडं नाही.

तिथं मी वायफायचा नाद सोडला आणि लोरावर आलो. लोरा ही सेमटेक कंपनीची लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत. निरोप एका फ्रिक्वेन्सीवर न पाठवता तो ठरलेल्या पट्ट्यात खालून वर सरकवत पाठवला जातो, त्यामुळे आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा कमी ताकदीचा निरोपही पलीकडची चिप ओळखून काढते. वेग मात्र अगदी कमी. आम्हाला वेगाची गरज नव्हतीच. मी घेतलेल्या पाटीवर ईएसपी३२ आहे आणि बाजूला सेमटेकची एसएक्स१२७६ ही लोराची चिप वेगळी बसवलेली आहे, म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर हा रेडिओ चिपच्या पोटातला नव्हे, शेजारचा. एसटी कंपनीनं २०२० मध्ये एसटीएम३२डब्ल्यूएल आणली, तिच्यात लोराही आत आहे. पण अर्डुइनोच्या सवयीच्या माणसाला ईएसपीची वाट सोपी.

आता फ्रिक्वेन्सी. इथं थांबून सांगण्यासारखं आहे, कारण इंटरनेटवरच्या तयार प्रोग्रॅममध्ये कुठं ९१५ मेगाहर्ट्झ असतं, कुठं ४३३, आणि लोक तसंच्या तसं भरतात. ९१५ अमेरिकेचा. आपल्याकडे तो मोबाईलच्या ९०० पट्ट्याच्या कडेला येतो, तिथं आपण बोलायचं काही कारण नाही. ४३३ ची मोकळीक आपल्याकडे घराच्या आतल्या, फार कमी ताकदीच्या वापरापुरती. शेतासाठी आपला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा. २००५ च्या नियमानं ८६५ ते ८६७ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येऊ लागला, ट्रान्समीटरची ताकद १ वॉटपर्यंत आणि पट्ट्याची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. २०२१ मध्ये वरची हद्द ८६८ झाली. लोराची नेहमीची १२५ किलोहर्ट्झची रुंदी त्यात बसते. २५० ची बसत नाही. एसएक्स१२७६ जास्तीत जास्त १०० मिलीवॉट सोडते, म्हणजे ताकदीच्या बाबतीत आपण हद्दीच्या पुष्कळ आत. मी ८६६ च्या आसपास ठेवलं. गावाकडं कोण बघायला येतंय, असं एका मित्रानं म्हटलं. बघायला कोणी येवो न येवो, दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरून त्याचं बोलणं बिघडवायचं नाही, एवढी शिस्त मला पटते.

खालची फ्रिक्वेन्सी घेतल्याचा फायदा हिशोबातही दिसतो. मोकळ्या हवेत तेवढ्याच अंतरावर ८६६ चा ऱ्हास २.४ गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे ९ डेसिबलनं कमी पडतो, आणि ६ डेसिबल वाचले की अंतर दुप्पट होतं. तरी उंचवटा आडवा येतच होता. आमच्या स्लॅबवरून जॅकवेलशेजारचं आंब्याचं झाड दिसतं, तेव्हा रेडिओलाही दिसायला हवं असं मी धरून चाललो होतो. पण लहर दोरीसारखी एका रेषेत जात नाही, तिला रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. फ्रेनेल झोन म्हणतात तो हाच. दीड किलोमीटरवर ८६६ मेगाहर्ट्झला वाटेच्या मध्यावर ही जागा सुमारे ११ मीटर त्रिज्येची होते. आमचा उंचवटा नेमका मधोमध. याला प्रोग्रॅममध्ये उपाय नाही, अँटेना उंच न्यायची एवढाच आहे. घरी स्लॅबवर पाइप उभा केला, नदीवर पॅनेलच्या खांबाला कळकाचा उंच बांबू बांधला.

अँटेनेचं काम मला सगळ्यात आवडलं. पाटीबरोबर आलेली रबरी अँटेना ८६८ ची म्हणून विकली होती. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं मीटर, आणलं, त्यावर बघितलं तर तिचा सूर बराच वर लागत होता. मग स्वतः केली. ८६६ ची लहर साडेचौतीस सेंटिमीटरच्या आसपास, तिचा चौथा हिस्सा ८.६. तांब्याच्या तारेत थोडं कमी धरायचं, म्हणून आधी ८.६ कापली आणि मीटर बघत कातरत कातरत सव्वाआठपाशी आलो. खाली तशाच चार तारा ४५ अंशांत वाकवून. अँटेनेच्या एसएमए सॉकेटला धरायला पितळेची एक चकती लागत होती, ती कारखान्यात सुट्टीनंतर लेथवर फिरवून घेतली, आमच्या टर्नरनं चहाच्या बोलीवर. वायर जाड आणि आखूड ठेवली. बारीक आरजी-१७४ वायर या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे बांबू उंच करून मिळवायचं आणि वायरीत घालवायचं. म्हणून वायर वर न नेता पाटीचा प्लास्टिकचा डबाच बांबूवर अँटेनेच्या खाली टांगला आणि खालून नुसता पुरवठा आणि सिग्नलच्या वायरी नेल्या. आणखी एक: अँटेना जोडल्याशिवाय लोराची पाटी चालू करायची नाही. पाठवलेली ताकद परत फिरून चिपचा अँप्लिफायर जळू शकतो.

पॅनेलमधलं काम माझ्या रोजच्यातलं. तिन्ही फेज आल्यात का हे ओळखायला मी नवीन काही केलं नाही. तिन्ही फेज नीट नसतील तर मोटर चालू न देणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आधीच होता, दोन चेंजओव्हर कॉन्टॅक्टवाला, त्यातला एक मोकळा. मोटर फिरतेय का हे कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी, म्हणजे जोडीच्या छोट्या, कॉन्टॅक्टवरून. दोन्ही पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून (हा सिग्नल उजेडानं पलीकडं देतो, वायर जोडत नाही) ईएसपीच्या पिनांना. फेज आणि न्यूट्रलमध्ये फोनचे चार्जर लावून तीन फेज ओळखायची युक्ती पुष्कळ जण करतात. पण सिंगल फेजच्या वेळी तिन्ही वायरींत व्होल्टेज असू शकतं आणि दोन वायरी एकाच फेजवर असतात, तेव्हा तिन्ही चार्जर चालतात आणि मोटर चालत नाही. प्रिव्हेंटर हा फरक ओळखतो. ४१५ व्होल्टशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांनी हे पॅनेल वायरमनकडूनच करून घ्यावं. हा छंदाचा भाग नव्हे.

पहिल्यांदा आबांनी हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर धाडकन बसला आणि माझी पाटी रीसेट झाली. कॉइलमधून निघणारा झटका. कॉइलवर त्या व्होल्टेजचा आरसी स्नबर, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लावला, सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरींपासून वेगळ्या केल्या, प्रोग्रॅममध्ये कॉन्टॅक्ट दोन सेकंद स्थिर राहिला तरच खरं मानायचं असं घातलं, आणि ते थांबलं.

लोरामध्ये स्प्रेडिंग फॅक्टर नावाचा आकडा असतो, नेहमीच्या वापरात ७ ते १२. वाढवला की निरोप लांब जातो पण वेळ खातो. २० बाइटचा निरोप ७ वर सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातो, १२ वर सव्वा सेकंदाच्या वर. भाच्याचा हट्ट १२ चा, कारण लांब जातं. मी १० वर थांबलो, तिथं सुमारे ३७० मिलिसेकंद लागतात. वाऱ्यापावसात, वाढलेल्या उसातही निरोप येत होता, मग हवा उगाच कशाला अडवून ठेवायची? घरचा डबा निरोप मिळाल्याची पोच देतो. पोच नाही आली तर नदीवरची पाटी थोडं थांबून पुन्हा पाठवते, आणि थांबायचा वेळ दर वेळी वेगळा. प्रत्येक निरोपात पाटीचा नंबर आणि चढता आकडा असतो, म्हणजे जुना निरोप नवा म्हणून घेतला जात नाही.

निरोप न येणं याचा अर्थ काय, हा प्रश्न आबांनी विचारला आणि तो चांगला होता. करंट नाही, की डबाच बंद पडला? म्हणून १८६५० मापाचा एक लिथियम सेल घातला. सिंगल फेजवरही चार्जर चालतो, त्यामुळे सेल बहुतेक वेळ भरलेलाच. पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटली की तो कामाला येतो. तेव्हा पाटी झोपते, ठरावीक वेळानं उठून 'आहे' म्हणते आणि परत झोपते. इथं जाहिरातीतला आकडा आणि हातातला आकडा वेगळा पडतो. ईएसपी३२ गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर घेते हे खरं, पण ते चिपचं. पाटीवरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लाल दिवा जागेच असतात आणि काही मिलीअँपिअर खात राहतात. लाल दिवा मी सोल्डर काढून उपटला, रेग्युलेटर कमी खाणारा घातला.

घरी सोप्यात दोन दिवे आणि एक बझर आहे. पिवळा दिवा थ्री फेजचा, हिरवा मोटरचा. पहिल्या रात्री दीडच्या सुमाराला बझर वाजला तेव्हा सगळं घर उठलं, शेजारचंही. आबा अंथरुणातून म्हणाले, "करंट आलाय बघ गा, आता कशाला कोकलायलंय ते?" आता तो दोनदाच वाजतो. ते उठतात, टॉर्च घेतात आणि नदीला जातात. जाणं काही सुटलं नाही, पण जातात ती मोटर चालू करायलाच.

नदीच्या वरच्या अंगाच्या दोन मोटरवाल्यांनी तसेच डबे मागितलेत. त्यांना घरचा डबा वेगळा लागणार नाही, आमच्या स्लॅबवरचाच पुरेल, फक्त नंबर वेगळे आणि दिवे वाढवायचे. त्यातले एक कन्नड बोलणारे आहेत, त्यांना बझर नको, दिवाच हवा. त्याआधी वळवाचा बंदोबस्त करायचाय. बांबू ओला झाला की विजेला बोलावणंच, म्हणून जीआयचा पाइप उभारून तो अर्थिंगला जोडायचा आणि अँटेनेच्या वायरीत विजेचा झटका अर्थिंगकडं वळवणारा गॅस अरेस्टर घालायचा. अर्थिंगचा खड्डा आबांनी खणून ठेवलाय, मीठ आणि कोळसा मी खानापूरच्या बाजारातून आणायचाय.